पप्पांची पुडी

दिवाळीनंतर गावी गेले, तेव्हा वहिनीच्या शाळेबाहेरच्या रस्त्यावर पिवळा पट्टा मारायचं काम चाललं होतं. शाळा तंबाखूमुक्त म्हणून जाहीर करायची तर जे निकष पुरे करावे लागतात, त्यातला हा एक. शिपाईमामांच्या हातात पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणि केस झडलेला ब्रश, मोजायची टेप सोडवत बसलेले दोन गुरुजी, आणि कागदांची फाईल छातीशी धरून वहिनी. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस मिळेना म्हणून समोरच्या पानटपरीवाल्यालाच हाक मारली होती, आणि तोही आपलीच टपरी किती अंतरावर येते हे मोजायला हौसेने उकिडवा बसला होता. वाद पेटला होता तो कुठल्या गेटापासून मोजायचं यावर. पुढच्या गेटापासून मोजलं तर टपरी जेमतेम बाहेर पडत होती. पण पुढच्या गेटातून येतात झेंडावंदनाचे पाहुणे आणि केंद्रप्रमुख. पोरं येतात मागच्या पडक्या भिंतीतून, आणि तिथून मोजलं तर टपरी आत. शेवटी वहिनीने चष्मा सारखा करून नियम वाचून दाखवला. गेटाचा संबंधच नाही. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूकडे १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर. टपरीवाल्याने टेप सोडली, हात झटकले आणि म्हणाला, "मग सरकतो की बाई. त्यात काय एवढं!" आणि खरंच, चार पोरांनी मिळून तो पत्र्याचा खोका उचलून रसवंतीच्या पलीकडे नेऊन ठेवला. मुहूर्त, नारळ काही नाही.

पट्ट्याचा रंग अजून ओला होता. गणवेशातला एक मुलगा, पाचवी-सहावीतला असेल, चप्पल रंगात बुडू नये म्हणून लांब ढांग टाकून पलीकडे गेला. "पप्पांची पुडी द्या." टपरीवाल्याने न बघता हात मागे नेला, पुडी काढली, उरलेल्या पैशांची गोळी तिच्यावर ठेवली. मुलाने गोळी तोंडात टाकली, पुडी खिशात टाकली, आणि पुन्हा तशीच ढांग टाकून घराकडे गेला. वहिनीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि शिपाईमामांना म्हणाली, "मामा, पट्टा जरा वाकडा झालाय."

तो मुलगा काही माझ्या डोक्यातून जाईना.

कारण आमच्या घरी हे काम माझ्याकडे होतं. तात्यांची, म्हणजे आजोबांची पुडी आणायची. "पळ गं, नाक्यावरनं एक पुडी आन. उरल्या पैशाच्या गोळ्या घे." एवढं ऐकलं की मी फ्रॉकच्या खिशात पैसे घट्ट धरून सुटायची. मला नीट वाचता येण्याआधी पुडीवरचं चित्र ओळखता येत होतं. दुकानदाराने चुकून दुसऱ्या छापाची दिली तर मी ती परत करायची, आणि तात्या चारचौघांत माझं कौतुक करायचे, की आमची पोरगी फसत नाही. पुडी घरी आली की पुढचं कामही माझंच. वर्तमानपत्रावर तंबाखू पसरायची आणि त्यातल्या जाड काड्या निवडून बाजूला काढायच्या. बोटांना तो उग्र, गोडसर, ओल्या गवतासारखा वास लागायचा आणि जेवताना वरणभातातही जाणवायचा. मग तात्या तळहातावर चिमूट घेऊन चुन्याच्या डबीतून नखाने चुना काढायचे आणि अंगठ्याने मळायला लागायचे. मळून झालं की डाव्या तळव्यावर उजव्या बोटांनी दोन टाळ्या. त्या टाळ्यांनी जी धूळ उडायची, तिने मला हमखास शिंका यायच्या, आणि त्या शिंकेची वाट बघत तात्या मिश्कील हसत असायचे. आमचा तो खेळच होता. आज तात्यांची आठवण काढायची म्हटली की त्यांचा चेहरा नंतर येतो, आधी तो वास येतो. आता हा वास मी कुठल्या खात्यावर टाकू? मायेच्या, की कर्करोगाच्या? कुणी टपरीवर शेजारी उभं राहून मळायला लागलं, की माझं निम्मं मन तिथून पळ काढतं आणि निम्मं रेंगाळतं.

तात्यांची तंबाखू निदान ओटीवरची होती. आजीची मिसरी आतल्या खोलीतली. महिन्यातून एकदा दुपारी, पुरुष शेतावर गेले की, ती जुना तवा काढायची. त्या तव्यावर भाकरी कधी भाजली जात नसे. तो तेवढ्याचसाठी राखलेला. तंबाखूची पानं त्यावर भाजायला लागली की आधी हिरवट धूर, मग काळपट, आणि मग सगळ्या घराचा घसा धरायचा. मांजरसुद्धा माळ्यावरून खाली उतरून अंगणात जायचं. पानं कोळशासारखी काळी झाली की ती हाताने चुरायची, फडक्यातून चाळायची आणि गोल पितळी डबीत भरायची. सकाळी चूल पेटायच्या आधी आजी, दोन्ही काकू, शेजारची आक्का अशा परसात ओळीने बसायच्या, तर्जनी हिरड्यांवरून फिरत असायची, आणि गावच्या निम्म्या बातम्या त्या अर्ध्या तासात थुंकीच्या मधून मधून सांगितल्या जायच्या. त्या वेळेत बायकांना कुणी उठवत नसे, सासूसुद्धा नाही. दिवसातली त्यांची स्वतःची अशी तेवढीच फुरसत. आम्ही पोरी त्यांच्या मांडीला टेकून बसलेल्या. दात दुखतो म्हटलं की आजी आपल्याच बोटावरची चिमूटभर मिसरी आमच्या दाताला लावायची. डोकं गरगरायचं, तोंडाला पाणी सुटायचं, आणि दुखणं खरंच थांबल्यासारखं वाटायचं. माझ्या चुलत बहिणीची सुरुवात अशीच झाली. ती आज पन्नाशीला आली आहे, शिकलेली आहे, पतपेढीत नोकरी करते, आणि पर्समध्ये डबी ठेवते. ती मला म्हणते, "तू सुटलीस कारण तुला शिंका यायच्या."

मला वाटतं तिचं बरोबर आहे. मला कुठल्या कायद्याने वाचवलेलं नाही.

त्या रात्री मी कायदा वाचत बसले. सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा केंद्राचा कायदा २००३ चा. त्याच्या सहाव्या कलमात दोन गोष्टी आहेत: अठरा वर्षांच्या आतल्या कुणाला तंबाखू विकायची नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विकायची नाही. मोडली तर दंड २०० रुपयांपर्यंत. पुडी कुणासाठी नेतोय, हे कायदा विचारत नाही. पप्पांची असो की स्वतःची, विकणाऱ्याने मुलाच्या हातात द्यायची नाही. इथवर ठीक. मग २०१५ चा बालन्याय कायदा आला. त्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचं उत्पादन देणाऱ्याला, किंवा द्यायला लावणाऱ्याला, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. अपवाद एकच, पात्र डॉक्टरच्या आदेशावरून दिलं असेल तर. कुठला डॉक्टर मुलाला तंबाखूची पुडी लिहून देणार आहे, हे मला अजून उमगलेलं नाही. दारू आणि गुंगीच्या औषधांच्या यादीत तंबाखू बसवताना ते वाक्य तसंच राहून गेलं असावं. तर त्या संध्याकाळी टपरीवाल्याने जे केलं त्याची किंमत एका कायद्याने दोनशे रुपये आणि दुसऱ्याने सात वर्षं. प्रत्यक्षात ती एका गोळीवर भागली. आणि "द्यायला लावणारा" म्हणजे घरी बसून पोराला पाठवणारा बाप, असा अर्थ कुणी खरंच लावला, तर आमचं अर्धं गाव आत जाईल. तात्यांचं तर काय झालं असतं!

२०१९ साली देशभरातल्या शाळांत तेरा ते पंधरा वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली होती. ८.५ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. आकडा आधीच्या पाहणीपेक्षा बराच खाली आला होता, आणि त्याचं श्रेय कायद्यांना, चित्रांच्या इशाऱ्यांना, शाळांतल्या कामाला द्यायलाच हवं. पण त्याच पाहणीतली दुसरी ओळ वाचून मी फोन खाली ठेवला. धूर न होणारी तंबाखू, म्हणजे चघळायची, चोळायची, लावायची, ती घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी वयाची दहा वर्षं पुरी होण्याआधी ती पहिल्यांदा घेतली होती. दहा वर्षं म्हणजे चौथी. चौथीतलं पोर टपरीवर उभं राहून मित्रांसमोर शायनिंग मारत नाही. त्या वयात त्याचं जग घर, परसू आणि नाक्यापर्यंतचा रस्ता एवढंच असतं. शंभर यार्ड मोजायला आपण शाळेच्या कुंपणापासून सुरुवात केली. घराच्या उंबऱ्यापासून मोजायची कुणाची हिंमत आहे?

घराबाहेरच्या लढाया मात्र महाराष्ट्राने कमी केलेल्या नाहीत. नव्वदीच्या दशकात जे शाळेत होते त्यांना टपऱ्यांची ती रूपं आठवत असतील. निळ्या, लाल, चंदेरी गुटख्याच्या पुड्यांच्या माळा वरून खालपर्यंत लोंबायच्या, आणि आत बसलेला माणूस त्या माळांमधून तोंड बाहेर काढायचा. लग्नाच्या मांडवासारखी टपरी सजलेली. पुडी रुपया-दोन रुपयांची. आमच्या वर्गातल्या मागच्या बाकांखाली त्या फाडलेल्या पुड्यांचा खच असायचा आणि बाकाचे पाय विटकरी. त्या बाकावरचा एक मुलगा चांगला कबड्डी खेळायचा. दहावी झाल्यावर काही वर्षांनी भेटला तेव्हा तो वडापाव तुकडे करून, दातांच्या फटीतून आत सरकवत खात होता. तोंड उघडतच नव्हतं. दंतवैद्य तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगतात. त्याचं एक जात होतं. राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २०११ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांत एक ओळ आली, की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही, आणि त्या ओळीच्या आधाराने २०१२ च्या जुलैत महाराष्ट्राने पुन्हा बंदी आणली. गुटखा हा खाद्यपदार्थ ठरला म्हणून बंद झाला. साधी तंबाखू खाद्यपदार्थ ठरत नाही म्हणून चालू राहिली. तेव्हापासून ही बंदी दरवर्षी नव्याने काढावी लागते, कारण त्या कायद्यात अन्न आयुक्तांना एका वेळी एकच वर्षाची मनाई करता येते. माळा गेल्या हे खरं. आमच्या गावात त्यांच्या जागी आता वेफर्सची पाकिटं लोंबतात. पण गिऱ्हाईक ओळखीचं असलं की गल्ल्याखालून हात येतो, भाव दुप्पट, आणि माल शेजारच्या राज्यातून. हे सांगायला शोधपत्रकार लागत नाही.

सुट्या सिगारेटीचंही तेच. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. माझ्या मते तो फार शहाणपणाचा निर्णय होता. पोराच्या खिशात वीस रुपये असतात, पाकिटाचे पैसे नसतात. आणि पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारं ते सडक्या जबड्याचं चित्र एकेक सिगारेट घेणाऱ्याला दिसतच नाही. निर्णय झाला. पुण्यात माझ्या घराजवळच्या कॉलेजसमोर टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर तेव्हा लोंबत होता, आजही लोंबतो. सुटी सिगारेट मिळत नसेल तर तो लायटर कशासाठी, हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कुणीच विचारत नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये तंबाखू विकत घ्यायचं वय अठराचं एकवीस केलं. आपल्याकडेही करा, अशी मागणी होते. करा. पण दहा वर्षांच्या पोराला ज्याला नाही म्हणता येत नाही, तो एकोणीस वर्षांच्या बाप्याकडे आधार कार्ड मागणार आहे का?

आमच्या सांगली जिल्ह्यात हा विषय काढला की बोलणं शेवटी आर. आर. आबांवर येऊन थांबतं. अंजनीसारख्या लहान गावातून आलेला माणूस, ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगावच्या गल्ल्या झाडायला लावणारा, डान्सबार बंद करणारा गृहमंत्री. फेब्रुवारी २०१५ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तोंडाच्या कर्करोगाने गेले. त्यांची तंबाखूची सवय जगजाहीर होती. त्या दिवशी मी गावी होते. एसटी स्टँडवर माणसं गटागटाने उभी, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, काहींचे डोळे खरेच ओले होते. आणि एकेका गटात कुणीतरी खाली मान घालून मळत होतं. मळून झालं की तळहात पुढे व्हायचा, शेजारचा चिमूट उचलायचा, त्याच्या शेजारचा उचलायचा. कुणाला त्यात विसंगती दिसत नव्हती, आणि त्यांना हसावं असं मलाही वाटलं नाही. आपल्याकडे तंबाखू ही दुःखात धरायचा हातही आहे. अनोळखी माणसाकडे पाणी मागायला संकोच वाटेल, पण "चुना आहे का हो?" म्हणायला वाटत नाही. जात, पैसा, शिक्षण सगळं तेवढ्यापुरतं बाजूला राहतं. शरद पवार स्वतःच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल जाहीर बोलत आले आहेत, वेळीच कुणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं असंही म्हणाले आहेत. पण सावध कुणी करायचं? गटात उभं राहून तळहात पुढे आल्यावर नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे शिष्ट ठरतो.

शाळेचं काय, हे मी वहिनीला विचारत होते. ती म्हणाली, नऊ निकष. गेटावर फलक, आवारात फलक, थुंकल्याच्या खुणा आणि थोटकं दिसता कामा नयेत, सहा महिन्यांतून एक कार्यक्रम, तंबाखूवर लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकाचं नाव फलकावर, आणि बाहेर तो पिवळा पट्टा. प्रत्येकाचा फोटो काढायचा आणि वर चढवायचा. "पोरं शपथ फार छान घेतात," ती म्हणाली. ३१ मेला जागतिक तंबाखूविरोधी दिन असतो आणि तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते, म्हणून पत्र आलं की शपथ जूनमध्ये, पावसाने ओल्या झालेल्या मैदानात होते. मला माझे गणिताचे सर आठवले. नाव नको. ते फळ्यावर उदाहरण लिहायचे, "सोडवा" म्हणायचे आणि खिडकीकडे तोंड करून मळायला लागायचे. आमचं उदाहरण सुटायचं आणि त्यांचा बार लागायचा तो साधारण एकाच वेळी. पुढचा तास ते जबडा न हलवता शिकवायचे. इतके सुंदर शिकवायचे की मला आजही बीजगणित आवडतं. त्या काळी लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकाचं नाव फलकावर लावायचं असतं, तर ज्येष्ठतेने त्यांचंच लागलं असतं. आता तसे सर राहिले नाहीत, वहिनीची पिढी निर्व्यसनी आहे, आणि हा बदल लहान नाही. पोरं समोरच्या माणसाचं तोंड बघून शिकतात. पण शाळेत त्यांना दिसतं एक तोंड आणि घरी दिसतात चार.

निघायच्या आदल्या दिवशी मी टपरीवाल्याशी बोलायला गेले. नव्या जागी तो खूश होता, रसवंतीचं गिऱ्हाईक वाढलं म्हणाला. टपरीवर पाटी होती, अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे दंडनीय अपराध आहे, आणि पाटीच्या बरोबर खाली गोळ्यांच्या बरण्या. मी विचारलं, पोरांना देता का? तो चिडला नाही. "ताई, पोरं माझं गिऱ्हाईक न्हाईत. माझा धंदा सकाळी साडेसहाला होतो, ऊसतोडीला माणसं निघतात तवा. पोरगं येतं ते बापाचं निरोप्या म्हणून." मग नाही म्हणून बघितलं का कधी? "बघितलं की. मागं पोलीस येऊन समज देऊन गेले, तवा आठ दिवस कडक ऱ्हायलो. एका पोराला परत धाडलं. संध्याकाळी बाप आला. म्हणाला, माझ्या पोराला मोकळ्या हातानं का धाडलंस, माझी उधारी हाय का तुझ्याकडं? मी म्हणलं कायदा हाय. तर म्हणतो, तू मला कायदा शिकवतोस?" त्याने बरणीचं झाकण घट्ट केलं. "दोनशे रुपयं दंड परवडला ताई, गावाशी वाकडं न्हाई परवडत. माझी पोरगी ह्याच शाळंत आठवीला हाय. तिला मी टपरीच्या फळीवर बसू देत न्हाई, वास लागतो." हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, की पुढचा प्रश्न मला सुचला नाही. मी गोळ्या घेतल्या आणि आले.

एवढं सगळं ऐकून माझं मत काय झालं, तर पट्टा असावा. वाकडा असला तरी असावा. माळा उतरल्या त्या बंदीने उतरल्या, आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर त्या कधी लोंबल्याच नाहीत अशी एक पिढी आता कॉलेजात आहे; ती सिगारेटीकडे वळली तर तो वेगळा लढा. पण निरोप्या होऊन जाणाऱ्या त्या मुलासाठी कुठल्याच परिपत्रकात रकाना नाही. त्याने शपथ घेतलेली आहे, त्याला निकष पाठ आहेत, पट्ट्यावर पाय पडू नये एवढी त्याला शिस्तही आहे. आणि घरून हाक आली की तो पळणार, कारण मोठ्यांचं ऐकायचं हेही त्याला शाळेतच शिकवलंय. त्याला नाही म्हणायला लावण्यापेक्षा त्याला पाठवणाऱ्याशी बोलावं, असं मी वहिनीला म्हटलं. ती म्हणाली, "म्हणायला काय जातंय तुमचं, तुम्ही उद्या पुण्याला."

पण तिने ते मनावर घेतलं. जानेवारीत तिचा फोन आला. पालकसभेत तिने यंदा शपथेचा कागद बाजूला ठेवला आणि सरळ सांगितलं, की पोरांना पुडी आणायला पाठवू नका, ज्याला लागते त्याने स्वतः जावं. सभेला नेहमीप्रमाणे बाप कमी आणि आया जास्त. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग चौथीतल्या एका मुलाची आई उभी राहिली. म्हणाली, "बाई, आमचं मालक दिवस उगवायच्या आधी कारखान्यावर जात्यात. तंबाखू लागती ती मला. मिसरीला. टपरीवर कायम चार बाप्ये बसल्यालं असत्यात. मी तिथं जाऊन उभी ऱ्हाऊ? पोराला न्हाई तर कुणाला धाडू?" मागून दोघी-तिघींनी मान हलवली, आणि वहिनीच्या लक्षात आलं की त्या पितळी डब्या अजून घराघरांत आहेत, नुसती ओळीने बसायची पद्धत गेली आहे. मिसरी सोडा असं तिने सांगितलं, सरकारी दवाखान्यात समुपदेशन मिळतं हेही सांगितलं. १९९२ पासून टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आहे हे सांगायला गेली, तर कुणीतरी म्हणालं, आम्ही कुठं विकत आणतो, आम्ही घरी भाजतो. सभा हातातून जायला लागली. तेवढ्यात दाराशी बसलेली, नातवाच्या प्रगतिपुस्तकावर अंगठा द्यायला आलेली एक म्हातारी उठली. "मी आणते की सगळ्या गल्लीची," ती म्हणाली. "मला कोण बाप्या काय म्हणतोय? आन त्या टपरीवाल्याला सांगा, वय इचार म्हणावं माझं."

सगळी खोली हसली. वहिनी फोनवर पुन्हा हसत होती, आणि मग थोडी वैतागून मला विचारत होती, "आता हे इतिवृत्तात काय म्हणून लिहू, ते सांगा."